वायरलेस चार्जिंग लोक कशामुळे नाकारतात आणि कशामुळे वापरू लागतात

प्रश्न थोडक्यात असा आहे: एका मोठ्या सामायिक पार्किंगमध्ये इलेक्ट्रिक गाड्यांसाठी वायरलेस चार्जिंगचे पॅड, म्हणजे वर उभ्या राहिलेल्या गाडीला केबलशिवाय वीज देणारी जमिनीतली साधनं, बसवायचा विचार चालू आहे. बैठकीत तीन आक्षेप आले, रेडिएशन, वाया जाणारी वीज आणि खर्च. यांना उत्तरं देऊन लोकांचं मन कसं वळवायचं?

तिन्हींची उत्तरं पुढे दिली आहेत. पण लोक पॅड स्वीकारणार की नाही हे बैठकीत ठरत नाही. ते पॅड सुरू झाल्यावर पहिल्या एक-दोन महिन्यांत ठरतं, तेही दोन साध्या गोष्टींवर: गाडी पहिल्या फटक्यात पॅडवर बरोबर बसते का, आणि सकाळी बॅटरी भरलेली असते का. रात्री लावलेल्या गाडीची बॅटरी सकाळी होती तेवढीच दिसली, तर मालकाला चुंबकीय क्षेत्राचे मायक्रोटेस्लातले आकडे दाखवून काही उपयोग नसतो. तो केबलकडे परत जातो आणि शेजाऱ्यालाही तेच सांगतो. म्हणून आधी या दोन गोष्टी, मग आक्षेप.

गाडी लावण्यापासून सुरुवात करू. एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेचं जे२९५४ हे या क्षेत्रातलं मुख्य मानक. त्यानुसार पॅड ८५ किलोहर्ट्झच्या आसपास, म्हणजे ७९ ते ९० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात चालतो. जमिनीतली कॉइल (चुंबकीय क्षेत्र तयार करणारं तारेचं वेटोळं) आणि त्या क्षेत्रातून वीज घेणारी गाडीखालची कॉइल एकमेकींवर तंतोतंत यायलाच हव्यात असं नाही, पण सवलत मोजकीच आहे: गाडीच्या लांबीच्या दिशेने पुढे-मागे ७५ मिलिमीटर, आणि आडव्या दिशेने दोन्ही बाजूंना १०० मिलिमीटर. आकड्यांवरून आडवी सवलत जास्त वाटते. प्रत्यक्षात तीच जास्त नडते. पुढे-मागे चुकलं तर गाडी जरा सरकवली की झालं. आडवं १५ सेंटीमीटर चुकलं तर गाडी पूर्ण बाहेर काढून पुन्हा आत घ्यावी लागते, आणि मागे दुसरी गाडी थांबलेली असेल तर ड्रायव्हर ते करत नाही. रोज पार्किंगच्या दोन रेषांमध्ये गाडी लावणाऱ्याला १०-१५ सेंटीमीटरची चूक दिसतसुद्धा नाही.

त्यामुळे सामायिक पार्किंगमध्ये पॅडची जागा निवडताना सरळ रस्ता पहिला बघायचा. जागेत शिरण्याआधी निदान एका गाडीच्या लांबीइतकं सरळ अंतर मिळालं पाहिजे. खांबाला वळसा घालून तिरकं शिरावं लागणारी, कोपऱ्यातली जागा कितीही सोयीची वाटली तरी पॅडसाठी ती वाईट. विजेच्या पॅनेलजवळची जागा केबल वाचते म्हणून निवडली जाते. ती शिरायला अवघड असेल, तर वाचलेल्या केबलची किंमत पुढे रोज मोजावी लागते. दुसरं काम रंगाचं आहे. पॅडच्या मध्यरेषेवरून मोजून ड्रायव्हरच्या बाजूला एक जाड रेषा आखायची, बाजूच्या आरशात दिसेल अशी. दोन्ही बाजूंच्या नेहमीच्या पांढऱ्या रेषांपेक्षा ही एक रेषा जास्त कामाची असते.

चाकं अडवणारा ठोकळा फक्त एकाच मॉडेलच्या गाड्या येत असतील तिथे चालतो. रिसीव्हर, म्हणजे गाडीखालची कॉइल असलेला भाग, कुठे पुढच्या चाकांच्या जवळ असतो, कुठे गाडीच्या मध्याकडे. एका गाडीसाठी बरोबर बसवलेला ठोकळा दुसरीला अर्धा मीटर आधीच अडवतो. अनेक मॉडेलं येणार असतील तर ठोकळा नको, गाडीच्या पडद्यावर दिशा दाखवणारी यंत्रणाच हवी. पॅड आणि गाडी अशा दोघांकडे ती एकाच पद्धतीची आहे ना, हे विकत घेण्यापूर्वी तपासायचं. दोन वेगळ्या कंपन्यांची साधनं वीज देवाणघेवाणीत जुळतात पण जागा शोधण्यात जुळत नाहीत, असं होऊ शकतं. मग गाडी पॅडवर उभी असते आणि पडदा कोराच राहतो.

उंचीचाही विचार करावा लागतो. मानकात गाडीखालच्या कॉइलचे जमिनीपासूनच्या उंचीनुसार तीन वर्ग आहेत: झेड१ म्हणजे १०० ते १५० मिलिमीटर, झेड२ म्हणजे १४० ते २१०, झेड३ म्हणजे १७० ते २५०. कॉइलमधलं अंतर वाढलं की जोड सैल होते, तेवढीच वीज पाठवायला जास्त करंट लागतो, आणि कॉइल जास्त तापते. उंच गाडी आणि आडवी चूक एकत्र आली की पॅड आपणहून शक्ती कमी करतो. ११ किलोवॅटऐवजी सहा-सात मिळतात. ड्रायव्हरला याचं कारण दिसत नाही, फक्त 'हा पॅड हळू आहे' एवढंच त्याच्या लक्षात राहतं. पोर्शेने २०२५ मध्ये कायेन इलेक्ट्रिकसाठी ११ किलोवॅटचा पॅड दाखवला, त्यात चार्जिंगच्या वेळी गाडीच थोडी खाली बसते. उपाय महागडा आहे, पण दुखणं नेमकं ओळखलेलं आहे.

आता सकाळी रिकामी सापडणारी बॅटरी. याचं कारण बहुतेक वेळा बिघाड नसतं. सुरक्षेसाठी ठेवलेले दोन पहारेकरी आपलं काम करत असतात. पहिला, पॅडवरची धातूची वस्तू ओळखणारा. दुसरा, मांजर, कुत्रं किंवा लहान मुलाचा हात गाडीखाली आला तर ओळखणारा.

धातूचा धोका खरा आहे. ८५ किलोहर्ट्झच्या क्षेत्रात नाणं, वॉशर, खिळा यांच्यात प्रवाह फिरतात आणि वस्तू तापते. सर्वांत वाईट म्हणजे पातळ अॅल्युमिनियमचा थर असलेला कागद, चॉकलेटचं किंवा सिगारेटच्या पाकिटातलं वेष्टन. वजन नगण्य, त्यामुळे ते क्षणात तापतं आणि कागद पेटू शकतो. म्हणून धातू दिसला की पॅड थांबतो, आणि कोणी बघून वस्तू काढेपर्यंत थांबलेलाच राहिला पाहिजे. इथे तडजोड नको.

प्राणी ओळखणाऱ्या यंत्रणेचं गणित वेगळं. ती रडार किंवा तत्सम सेन्सरवर चालते. वाऱ्याने आलेली प्लास्टिकची पिशवी, जोराचा पाऊस, पाण्याचा ओहोळ यांनाही ती हालचाल समजू शकते. संवेदनशीलता कमी केली तर मांजर निसटेल, वाढवली तर रात्रीत दहा वेळा चार्जिंग थांबेल. संवेदनशीलता पूर्ण ठेवायची, पण थांबल्यावर जागा मोकळी दिसली की काही मिनिटांनी आपोआप पुन्हा सुरू व्हायला हवं. धातूसाठी 'थांब आणि माणसाची वाट बघ', प्राण्यासाठी 'थांब, बघ, पुन्हा सुरू कर'. काही साधनांत दोन्ही कारणांना एकच वागणूक दिलेली असते: थांबला की थांबला. अशी साधनं सामायिक पार्किंगमध्ये घेऊ नयेत. विक्रेत्याला हा एकच प्रश्न लेखी विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

थांबल्याची खबर मालकाच्या फोनवर पाच मिनिटांच्या आत गेली पाहिजे, आणि कारणासह. 'एरर ४७' कोणाला कळत नाही. 'पॅडवर धातूची वस्तू आहे' हे कळतं. चार्जिंग सुरू झाल्याचीही खबर द्या. प्लग लावताना खट्ट आवाज येतो, दिवा लागतो, मन निश्चिंत होतं. पॅडवर यातलं काहीच नसतं, म्हणून नवा वापरकर्ता पहिले काही दिवस पुन्हा पुन्हा ॲप उघडून बघतो. भिंतीवर, गाडीत बसल्या जागेवरून दिसेल असा एक मोठा हिरवा दिवा हे काम कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा चांगलं करतो.

पॅडभोवतीचं बांधकामही या थांबण्यात भर घालतं. पॅडखाली अॅल्युमिनियमची ढाल असते, तरी क्षेत्राचा काही भाग बाजूला पसरतोच. जवळची लोखंडी जाळी, गटाराचं झाकण किंवा काँक्रीटमधली सळई तापते, वीज खाते, आणि धातू ओळखणाऱ्या यंत्रणेला गोंधळात टाकते. निर्माता पॅडभोवती जेवढं अंतर धातूमुक्त सांगतो तेवढ्या भागात लोखंड नको, तिथे मजबुती हवी असेल तर काचतंतूची सळई वापरा. फरशीला पाणी वाहून जाण्याइतका उतार द्या. भिंतीवरच्या पेटीपासून पॅडपर्यंत ज्या रचनेत उच्च वारंवारतेची वीज जाते, तिथे ती खास केबल मधे कापून जोडायची किंवा लांबवायची नाही. पेटीच पॅडजवळ आणायची.

आता बैठकीतले आक्षेप, वीज वाया जाण्यापासून. जे२९५४ मध्ये कॉइल नीट जुळलेल्या असताना किमान ८५ टक्के आणि सवलतीच्या टोकाला किमान ८० टक्के कार्यक्षमता मागितली आहे. ही ग्रिडपासून बॅटरीपर्यंतची. जाहिरातीत कधी कधी फक्त कॉइल ते कॉइल आकडा असतो, तो ९५ च्या वर सहज जातो आणि तुलनेला निरुपयोगी असतो. दुसऱ्या बाजूला, केबलवाले १०० टक्के गृहीत धरतात तेही चूक. गाडीतल्या चार्जरमध्ये वीज जातेच. केबलने ९० टक्के मिळाले असं धरून हिशेब करा. वर्षाला १५,००० किलोमीटर, युनिटला ६ किलोमीटर, म्हणजे बॅटरीत २,५०० युनिट लागतात. केबलने मीटरवर २,७७८, पॅडने ८५ टक्क्यांवर २,९४१. फरक वर्षाला १६३ युनिटचा. रोज वाकडी गाडी लावून ८० टक्क्यांवर राहिलात तर ३,१२५, म्हणजे फरक ३४७. रेषा आखण्याचा रंग इथेही पैसे वाचवतो.

एक गोष्ट या हिशेबातून नेहमी सुटते. गाडी नसतानाही पॅड जागा असतो, गाडीची वाट बघत आणि सेन्सर चालू ठेवून. हा भार समजा फक्त १० वॅट धरला तरी वर्षाचे ८८ युनिट होतात, म्हणजे वरच्या फरकाच्या निम्म्याहून जास्त. माहितीपत्रकात हा आकडा बारीक अक्षरात असतो किंवा नसतोच. मागून घ्या.

लोकांना हे सांगताना 'नुकसान नगण्य' म्हणू नका. आकडा ठेवा, तुमच्या दराने गुणून महिन्याचे पैसे सांगा, आणि ते सोयीचे पैसे आहेत असं सरळ म्हणा. लपवलेला तोटा नंतर बिलात दिसला की बाकीच्या खऱ्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो.

रेडिएशनच्या बाबतीत 'काही होत नाही' हे सर्वांत वाईट उत्तर. घाबरलेला माणूस मोजमाप मागत असतो, आश्वासन नाही. ८५ किलोहर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे करू शकत नाही, एक्स-रेशी त्याचं नातं नाही. या वारंवारतेला जपायचं ते मुख्यतः शरीरात निर्माण होणाऱ्या प्रवाहामुळे नसा उत्तेजित होण्यापासून, आणि मर्यादा त्यावरूनच काढलेल्या आहेत. आयसीएनआयआरपी या अशा किरणोत्सर्गापासून संरक्षणाच्या मर्यादा सुचवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सर्वसामान्य लोकांसाठी ही मर्यादा २७ मायक्रोटेस्ला. जे२९५४ मध्ये पेसमेकरसारख्या उपकरणांचा वेगळा विचार करून १५ मायक्रोटेस्लाची पातळी धरली आहे. गाडीखाली, दोन कॉइलच्या मध्ये क्षेत्र याहून खूप जास्त असतं. म्हणूनच तिथे हात किंवा प्राणी आला की पॅड थांबावा लागतो, हेही लपवू नका. कॉइलच्या आकाराच्या तुलनेत बरंच दूर गेल्यावर क्षेत्र अंतराच्या घनाने घटतं, म्हणजे अंतर दुप्पट झालं की साधारण एक अष्टमांश.

मोजमाप करताना परिस्थिती वाईटात वाईट निवडायची: पूर्ण शक्ती, गाडी आडव्या सवलतीच्या टोकाला, आणि कॉइलमधलं अंतर गाडीच्या उंचीच्या वर्गातलं जास्तीत जास्त. नीट जुळलेल्या गाडीजवळ घेतलेलं वाचन सुंदर येतं आणि काहीच सिद्ध करत नाही. गाडीच्या चारही कडांना, जमिनीपासून गुडघा, कंबर आणि छातीच्या उंचीवर, तसंच गाडीत सीटवर आणि पायाशी मोजायचं. मीटर तिन्ही अक्षांवर एकत्र मोजणारा, किमान काहीशे किलोहर्ट्झपर्यंत चालणारा हवा. इथे हमखास वाद होतो: कोणीतरी घरगुती विजेसाठीचा स्वस्त मीटर किंवा फोनचं ॲप घेऊन येतो. फोनमधला सेन्सर होकायंत्रासाठी असतो, ८५ किलोहर्ट्झ त्याला कळतच नाही. तो जे दाखवतो ते जवळच्या लोखंडाचं आणि पृथ्वीच्या क्षेत्राचं असतं, आणि पृथ्वीचं क्षेत्रच २५ ते ६५ मायक्रोटेस्ला आहे! पॅड बंद असताना तेच ॲप पुन्हा धरून दाखवा, वाद मिटतो. पेसमेकर असलेल्या रहिवाशाला मात्र तुम्ही सल्ला देऊ नका. मोजमापाचा कागद त्याच्या डॉक्टरकडे जाऊ दे.

खर्चाच्या आक्षेपाचं उत्तर बहुतेकांना आवडणार नाही. पॅड, भिंतीवरची पेटी आणि खोदकाम हा खर्चाचा दिसणारा भाग. खरा अडसर गाडीत आहे. कारखान्यातूनच रिसीव्हर बसवून येणाऱ्या गाड्या अजून फार थोड्या आहेत. बाहेरून बसवता येणारे संच आले होते, प्लगलेस पॉवरने निसान लीफ आणि शेव्हरोले व्होल्टसाठी ते विकले. पण असा संच गाडीच्या चार्जिंग यंत्रणेत शिरतो, आणि वॉरंटीचं काय हा प्रश्न प्रत्येक गाडीपाशी वेगळा सोडवावा लागतो. म्हणून आधी पार्किंगमधल्या किती गाड्यांत रिसीव्हर आहे ते मोजा. उत्तर शून्य असेल तर आज पॅड बसवू नका. खोदकाम चालूच असेल तर सौम्य वळणांचा रिकामा पाईप टाका, पॅडच्या जागेपुरती लोखंडी जाळी टाळा, आणि पॅनेलमध्ये जागा राखून ठेवा. ११ किलोवॅटच्या पॅडला साधारण तीन फेज, १६ अँपिअर लागतात, म्हणजे तेवढ्याच क्षमतेच्या केबल चार्जरइतकेच. न वापरलेला पॅड हा पुढच्या प्रत्येक बैठकीत विरोधकांच्या हातातला पुरावा असतो.

रिसीव्हर असलेल्या गाड्या असतील तर सुरुवात कोणापासून करायची हेही महत्त्वाचं आहे. नव्या तंत्राचा उत्साह असणारे पहिले पुढे येतात, पण ते केबलवरही खूशच असतात. खरी गरज व्हीलचेअर वापरणाऱ्यांना, जड केबल ओढणं कठीण जाणाऱ्या वृद्धांना आणि दिवसातून अनेकदा थोडं थोडं थांबणाऱ्या टॅक्सींना असते. प्लग-इन हायब्रिडचे, म्हणजे पेट्रोल आणि चार्ज होणारी बॅटरी दोन्ही असलेल्या गाड्यांचे मालकही यात येतात. त्यांच्याकडे पेट्रोल असतंच, त्यामुळे केबल लावायचा कंटाळा केला तरी चालतो, आणि गाडी वर्षभर पेट्रोलवर पळते. बीएमडब्ल्यूने २०१८ मध्ये ५३०ई या हायब्रिडसाठीच ३.२ किलोवॅटचा पॅड आणला तो यामुळे अगदी योग्य जागी होता: ९.४ युनिटची बॅटरी साडेतीन तासांत भरायची, आणि मालकाने लक्षात ठेवण्यासारखं काही उरत नव्हतं.

बस आणि रस्ते यांचा मुद्दा बैठकीत हमखास निघतो. इटलीत तुरिनमध्ये २००३ पासून, इंग्लंडमध्ये मिल्टन कीन्सच्या ७ क्रमांकाच्या मार्गावर २०१४ पासून बस अशा पॅडवर चालल्या. तिथे प्रशिक्षित ड्रायव्हर रोज त्याच जागी थांबतो, म्हणून वर सांगितलेली आडवी चूक हा प्रश्नच फारसा उरत नाही. चालत्या गाडीला वीज देणारे रस्ते, जसा डेट्रॉइटमध्ये २०२३ मध्ये सुरू झालेला छोटा पट्टा, हा निराळा विषय. तिथे मान्यता मागायची ती रस्त्याचा खर्च उचलणाऱ्या पण पॅड न वापरणाऱ्या लोकांची. सामायिक पार्किंगच्या निर्णयाला या दोन्ही उदाहरणांचा फारसा उपयोग नाही.

मत आजमावायचं असेल तर 'तुम्हाला वायरलेस चार्जिंग आवडेल का?' असा प्रश्न छापू नका. फुकट सोयीला सगळेच हो म्हणतात. प्रश्नात महिन्याचा जास्तीचा खर्च आणि पर्याय दोन्ही लिहा: एवढे पैसे देऊन पॅड, की त्याच पैशात तुमच्या जागेवर कायमचा केबल पॉइंट? उत्तरं लगेच जमिनीवर येतात.

त्याहून भरवशाचं म्हणजे चाचणी. दोन-तीन पॅड, त्याच जागांवर शेजारी केबल पॉइंटही, आणि आठ आठवडे. केबल काढून टाकण्याचा मोह होतो, तो टाळा. पर्याय नसताना केलेला वापर ही मान्यता नव्हे. नोंदवायच्या गोष्टी चार: किती वेळा पहिल्याच प्रयत्नात चार्जिंग सुरू झालं, किती वेळा मधेच थांबलं आणि कशामुळे, आपोआप पुन्हा सुरू झालं का, आणि पॅडवर गाडी असूनही कोणी केबल लावली का. चौथा आकडा पहिल्या आठवड्यात बघू नका, तेव्हा कुतूहल चालू असतं. पाचव्या आठवड्यापासून बघा. तो वाढत असेल तर आधी पहिल्या दोन नोंदी उघडा. आडव्या चुका जास्त असतील तर रेषा पुन्हा आखा किंवा जागा बदला. विनाकारण थांबणं जास्त असेल तर निर्मात्याकडून सेटिंग बदलून घ्या, आणि हे बदल झाल्यावर आठ आठवडे नव्याने मोजा. बैठक त्यानंतर बोलवा.